क्षेत्रफळ अधिक १० टक्के? आधी फरशी कागदावर मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका खोलीची फरशी बदलायची आहे, दोन भिंतींचे प्लास्टर खरवडून नवे करायचे आहे, मग रंग आणि शेवटी एक कपाट. ठेकेदाराने दिलेली सामानाची यादी फुगवलेली वाटते. स्वतः हिशोब करायला बसले तर प्रत्येक जण एकच सूत्र सांगतो, ‘क्षेत्रफळ काढा आणि वर १० टक्के घाला.’ एवढे पुरेसे आहे का?

रंगापुरते जवळपास पुरेसे आहे. फरशीला ते पुरत नाही. आणि प्लास्टरच्या बाबतीत ते सूत्र मुळातच चुकीच्या आकड्यात टक्के घालते. वीस-बावीस वर्षे मी हीच कामे करून घेतो आहे आणि सामान कमी पडण्याचे प्रसंग पुष्कळ पाहिले आहेत. त्यात गुणाकार चुकला म्हणून माल कमी पडला, असे क्वचितच झाले. गुणाकार बरोबर असतो, पण कामाची मांडणी ठरण्याआधीच तो केलेला असतो.

फरशीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात महाग चुका तिथेच होतात.

समजा खोली ११ फूट ४ इंच लांब आणि १० फूट ४ इंच रुंद आहे. क्षेत्रफळ साधारण ११७ चौरस फूट. टाइल ६०० गुणिले ६०० मिलिमीटरची, जिला आपण सगळे ‘दोन बाय दोन’ म्हणतो. पहिली ठेच इथेच लागते, कारण ही टाइल दोन फुटांची नसते. ६०० मिलिमीटर म्हणजे साडेतेवीस इंचांहून जरा जास्त. एका टाइलचे क्षेत्रफळ ४ नव्हे, ३.८७ चौरस फूट भरते. ११७ ला त्याने भागले की ३०.२ येतात. वर १० टक्के घातले की ३३.२, म्हणजे ३४ टाइल. सूत्रवाल्यांचे काम संपले.

आता तीच खोली चौकटीच्या कागदावर काढा. लांबी ३४५४ मिलिमीटर, रुंदी ३१५०. सांधा २ मिलिमीटरचा धरला तर लांबीत पाच अख्ख्या टाइल बसतात आणि सहावीचा ४४ सेंटिमीटरचा तुकडा लागतो. रुंदीत पाच अख्ख्या ओळी बसतात आणि उरते १४ सेंटिमीटरची पट्टी.

गवंड्याने एका भिंतीपासून सुरुवात करून ही १४ सेंटिमीटरची पट्टी समोरच्या भिंतीला ढकलली, तर हिशोब असा होतो: २५ अख्ख्या, लांबीच्या टोकाला कापायच्या ५, आणि त्या पाच कापताना उरलेले साधारण १५ सेंटिमीटरचे तुकडे फिरवून पट्टीच्या ओळीत वापरता येतात. कोपऱ्याच्या तुकड्याला आणखी एक. एकूण ३१. पण टाइलवर लाकडाच्या रेषांसारखी दिशा असेल, तर तुकडा फिरवता येत नाही. पट्ट्या वेगळ्या टाइलमधून काढाव्या लागतात आणि आकडा ३२ वर जातो.

मात्र दारातून आत शिरताच समोर अशी अरुंद पट्टी दिसणे मला तरी सहन होत नाही. कपाटामागे किंवा पलंगाखाली लपणार असेल तर चालेल, एरवी नको. चांगला गवंडी काय करतो? मधल्या चार ओळी अख्ख्या घेतो आणि दोन्ही भिंतींना ३७-३७ सेंटिमीटरचे तुकडे देतो. खोली सुरेख दिसते. पण ३७ सेंटिमीटरचे दोन तुकडे एका ६० च्या टाइलमधून निघत नाहीत, म्हणजे प्रत्येक तुकड्याला एक टाइल. सहा ओळी, प्रत्येकीत सहा: ३६.

खोली तीच, टाइल तीच, क्षेत्रफळही तेच. आकडे मात्र ३१, ३२ आणि ३६. सूत्राने दिलेले ३४ पहिल्या मांडणीला जास्त होतात आणि तिसरीला दोन कमी पडतात. म्हणून मी ठेकेदाराला ‘किती टाइल लागतील’ हे विचारतच नाही. ‘सुरुवात कुठून करणार आणि तुकडे कुठे टाकणार’ हे विचारतो. त्याचे उत्तर मिळाले की आकडा मोजायचा उरतो.

ही ३६ ची मांडणी महागात पडते असे वाटेल, पण जरा थांबा. भिंतीच्या पायथ्याला चार इंचांची स्कर्टिंग याच टाइलची करायची असते, आणि ती यादीत लिहायला निम्मे लोक विसरतात. या खोलीचा घेर ४३ फुटांच्या वर, दार वजा जाता ४० फूट, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या २१ पट्ट्या. ३६ च्या मांडणीत कडेच्या ओळींतून २३ सेंटिमीटरचे तुकडे उरतात, त्या प्रत्येकातून दोन पट्ट्या निघतात. लांबीकडच्या तुकड्यांतून एकेक. कोपरे सोडून मोजले तरी २४ पट्ट्या होतात, म्हणजे स्कर्टिंग उरलेल्या मालातच निघाली. उलट ३१ च्या मांडणीत जवळपास काहीच उरत नाही. कोपऱ्याच्या टाइलमधून चार पट्ट्या मिळतात, बाकी १७ साठी आणखी चार टाइल फोडाव्या लागतात, आणि एकूण ३५ होतात. दोन मांडण्यांमधला खरा फरक फक्त एका टाइलचा निघाला! (कापलेली कड वर येणार असेल तर ती घासून घ्यावी लागते, तेवढी मजुरी आधी बोलून ठेवा.)

यावर फुटतूट वेगळी. ६०० च्या टाइल बऱ्याचदा चारच्या खोक्यात येतात. ३६ म्हणजे बरोबर नऊ खोकी, हातात शिल्लक शून्य. एक टाइल उतरवताना कोपऱ्यात टवकली, एक दाराच्या चौकटीभोवती चुकीची कापली, की काम थांबले. इथे मी दहावे खोके घेतोच. काम संपल्यावर दोन-तीन टाइल माळ्यावर उभ्या ठेवायच्या. पाच वर्षांनी नळाची गळती शोधायला फरशी फोडावी लागते तेव्हा त्याच उपयोगी पडतात, कारण तोवर ते डिझाइन बंद झालेले असते.

टाइल तिरकी, म्हणजे ४५ अंशांत बसवायची असेल तर चारही भिंतींना त्रिकोण कापावे लागतात. तिथे १५ टक्के धरूनही कागद काढाच. लहान खोलीत तोटा जास्त जातो, मोठ्या दालनात कमी. कारण तोटा कडांवर होतो, आणि लहान खोलीत क्षेत्रफळाच्या मानाने कडा जास्त असतात. सरसकट टक्केवारी मला पटत नाही ती याचसाठी.

मोजमापाबद्दल एकच गोष्ट आवर्जून सांगतो: खोली एकदा मोजू नका. लांबी तीन ठिकाणी मोजा, दोन्ही कडांना आणि मध्ये. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले नाहीत तर खोली गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. फरशी सरळ गेली तरी एका भिंतीशी तुकडा हळूहळू निमुळता होत जाणार. मोठा आकडा धरून हिशोब करा. आणि भिंतीचे प्लास्टर व्हायचे असेल तर ते झाल्यावर मोजा. दोन समोरासमोरच्या भिंतींवर अर्धा-पाऊण इंच चढला की खोली इंच-दीड इंचाने आत येते.

शेडची, म्हणजे रंगछटेची, गोष्ट टाळता येत नाही, कारण ती मी स्वतः भोगली आहे. अगदी सुरुवातीच्या काळात एका बैठकीच्या खोलीत माझ्या सहा टाइल कमी पडल्या. नंबर तोच, कंपनी तीच, म्हणून मी निर्धास्त मागवल्या आणि बसवल्या. दिवसा काही कळले नाही. संध्याकाळी उन्हाची तिरीप आडवी शिरली आणि त्या सहा टाइल फरशीवर ठिगळासारख्या दिसू लागल्या. खोक्यावर डिझाइनच्या नंबराखेरीज लॉटचा किंवा शेडचाही नंबर असतो. भट्टीच्या प्रत्येक खेपेला रंगात आणि मापातही बारीकसा फरक पडतो, म्हणून तो छापतात. मला तेव्हा माहीत नव्हते. सगळी ओळ काढून पुन्हा बसवली, स्वतःच्या खर्चाने. तेव्हापासून खोकी उतरवून घेताना मी आधी लॉट वाचतो.

खरेदी कशी करायची हेही यावरूनच ठरते. ज्या मालाला लॉट असतो, म्हणजे टाइल, वेगळी छटा कालवून घेतलेला रंग, लाकडी पापुद्रा, तो एकदम आणि थोडा जास्त घ्यायचा. ज्याला लॉटची पर्वा नाही, म्हणजे सिमेंट, वाळू, खिळे, पाइप, तो थोडा कमी मागवायचा आणि लागेल तसा आणायचा. लोक नेमके उलटे करतात. सिमेंटच्या पाच गोण्या जास्त आणून ठेवतात आणि टाइल मोजून मापून घेतात. सिमेंट पडून राहिले की हवेतली ओल धरते आणि त्याची ताकद जाते. गोणीत खडे झाले असतील तर ते चाळून वापरू नका, ताकदीच्या कामाला तर नकोच.

आता टाइलखालचा थर आणि प्लास्टर. इथला हिशोब घनफळाचा असतो. लांबी-रुंदी आपण इंचापर्यंत मोजतो आणि जाडी मात्र अंदाजाने ठोकून देतो. त्याच ११७ चौरस फुटांखाली दोन इंचांचा थर धरला तर कालवलेला माल साडेएकोणीस घनफूट लागतो. कोरडा माल पाणी घालून दाबला की आक्रसतो, कारण सिमेंट वाळूच्या फटींत शिरते. म्हणून कोरड्या मालासाठी १.३३ ने गुणायचे: २६ घनफूट. प्रमाण एकास सहा असेल तर सातवा हिस्सा सिमेंट, ३.७ घनफूट. ५० किलोची गोणी साधारण सव्वा घनफूट भरते, म्हणजे तीन गोण्या. पण जुनी फरशी काढल्यावर खालची जमीन अर्धा इंच खोल निघाली तर? थर अडीच इंचांचा होतो आणि तीनच्या पावणेचार गोण्या होतात. चौथा हिस्सा माल वाढला, आणि क्षेत्रफळ एक चौरस इंचही वाढलेले नाही.

प्लास्टरचे तसेच. १०० चौरस फुटांवर अर्धा इंच जाडी आणि एकास चार प्रमाण धरले तर एक गोणीही पूर्ण लागत नाही, वाळू साडेचार घनफुटांच्या आत. पण भिंत ओळंब्यात नसेल तर गवंडी ती सरळ करण्यासाठी कुठे अर्धा तर कुठे एक इंच चढवतो. सरासरी पाऊण इंच पडली की माल दीडपट. म्हणून भिंत खरवडून झाल्यावर ओळंबा सोडा, वर, मध्ये, खाली अंतर मोजा आणि सरासरी जाडी काढा. हे दहा मिनिटांचे काम आहे. ठेकेदाराची यादी फुगलेली आहे की तुमची भिंत वाकडी आहे, याचा निकाल तिथेच लागतो. बऱ्याचदा भिंतच वाकडी असते.

वाळूबद्दल एक बारकावा. ओलसर वाळू फुगते, कारण कणांभोवतीचे पाण्याचे पापुद्रे त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. थोडी दमट असताना ती चौथ्या हिश्श्याइतकीही फुगलेली असू शकते, बारीक वाळू तर त्याहून जास्त. गंमत म्हणजे पूर्ण भिजली की पुन्हा खाली बसते. त्यामुळे घमेल्याने किंवा गाडीच्या मापाने घेतलेली वाळू ‘मोजून तर घेतली होती, मग संपली कशी?’ असा प्रश्न उभा करते. सरळ भिंतीच्या डब्यात वाळू भरा, उंची मोजा, ती काढून घ्या, डबा अर्धा पाण्याने भरा आणि वाळू परत टाकून ढवळा. जितकी खाली बसली तितकी ती फुगलेली होती.

टाइलच्या सांध्यांत भरायच्या ग्राऊटवर वेळ घालवू नका, पण टाइल लहान असेल तर सावध. ६०० च्या टाइलला २ मिलिमीटरचा सांधा असेल तर आपल्या खोलीला किलोभर पुरते. त्याच सांध्याने ५० मिलिमीटरचे मोझेक बसवले तर दर चौरस मीटरला कितीतरी पट जास्त लागते, कारण सांध्यांची एकूण लांबी वाढते.

रंगाचा हिशोब खरोखर सोपा आहे. खोलीचा घेर गुणिले उंची. आपल्या खोलीचा घेर ४३ फूट आणि उंची १० फूट धरली तर ४३० चौरस फूट. दाराचे २१ वजा. खिडक्या मात्र मी लहान असतील तर वजा करत नाही. चार बाय चारची खिडकी १६ चौरस फूट, पण तिच्या आतल्या सहा इंच जाडीच्या चारही कडा रंगवायच्या असतात आणि त्या ८ भरतात. निम्मे परतच आले. उरलेले निम्मे रोलर आणि ट्रे पितात.

म्हणजे धरून चालू ४१० चौरस फूट, दोन हात, म्हणून ८२०. साध्या इमल्शनचा एक लिटर गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीवर एका हाताला १०० ते १२० चौरस फूट जातो. ११० धरले तर साडेसात लिटर, आठ घ्या. डब्यावरचा आकडा वाचताना तो एका हाताचा आहे की दोन हातांचा हे आधी पाहा. मी पाहिलेला सगळ्यात मोठा घोटाळा याच एका ओळीमुळे झाला. हिशोब बरोबर निम्मा निघाला होता आणि दुसऱ्या हाताला बादलीत काही नव्हते. गडद रंगावर फिका चढवायचा असेल तर तिसरा हात धराच. खरबरीत भिंतीवर एक लिटर ७०-८० चौरस फुटांतही संपतो.

जुन्या भिंतीवर मी सूत्रापेक्षा नमुन्यावर विश्वास ठेवतो. भिंतीवर पेन्सिलीने १० बाय ५ ची चौकट आखा, मोजून एक लिटर घ्या, एक हात मारा आणि उरलेला रंग परत मोजा. तुमच्याच भिंतीचा, तुमच्याच रंगाऱ्याच्या हाताचा खरा आकडा मिळतो. पुट्टीसाठीही हेच करतो, कारण पुट्टी किती लागेल हे पूर्णपणे भिंतीच्या खाचखळग्यांवर अवलंबून असते. आणि रंगाचे दोन डबे असतील तर दोन्ही एका मोठ्या बादलीत मिसळून मगच सुरुवात करा, म्हणजे भिंतीच्या मध्यावर छटा बदलणार नाही.

कपाटाच्या प्लायवूडचा हिशोब टाइलसारखाच, मांडणीचा. आठ बाय चारचा ताव म्हणजे २४४० गुणिले १२२० मिलिमीटर. कपाट २४ इंच खोल धरले तर त्याच्या फळ्या तावाच्या रुंदीत दोन निघतील असे वाटते. पण २४ इंचांच्या दोन फळ्या म्हणजे १२१९ मिलिमीटर, आणि करवतीचे पाते स्वतःच तीनेक मिलिमीटर खाते. दुसरी फळी कमीच पडते. कपाटाची खोली ६०० मिलिमीटर धरा, दोन फळ्या आरामात निघतात. कुणी हौसेने २५ इंच केली की एका तावातून उभी एकच फळी निघते आणि निम्मा ताव पट्ट्यांत जातो. सुताराला यादी मागण्याआधी कापणीचा नकाशा मागा. वरचा पापुद्रा रेषांचा असेल तर सगळ्या दारांवर रेषा उभ्या ठेवायच्या का हेही त्यात ठरवून घ्या.

वायर मोजताना दोन बिंदूंमधले सरळ अंतर धरू नका. वायर बोर्डापासून वर जाते, छताजवळून आडवी धावते आणि पुन्हा खाली उतरते. शिवाय त्या एका मार्गात फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन वायरी असतात. मार्गाची लांबी गुणिले तीन, आणि प्रत्येक डब्यात अर्धा फूट शेपूट. नळकामात पाइप कधी कमी पडत नाही, कमी पडतात ते एल्बो आणि टी. तेव्हा पाइपची लांबी नंतर, वळणे आधी मोजा.

राहिली ठेकेदाराची यादी. ती फुगवलेली आहे की नाही हे एकूण आकडा बघून कळणार नाही. प्रत्येक ओळीपुढे त्याने काय गृहीत धरले ते लिहून मागा: फरशीला सुरुवात कोणत्या भिंतीपासून, थर किती इंचांचा, प्लास्टरची सरासरी जाडी किती, रंगाचे किती हात, तावाचा नकाशा कुठे. राडारोड्याच्या किती खेपा धरल्या तेही विचारा, कारण मोडलेले प्लास्टर भिंतीवर असताना जेवढी जागा घेते त्याच्या दीडपटीच्या आसपास गोणीत घेते, आणि ही ओळ यादीत बहुधा नसतेच. तुमच्या ३६ टाइलच्या जागी त्याने ४० लिहिल्या असतील तर तो बरोबर आहे, कारण दहा खोक्यांत ४०च येतात. ४८ लिहिल्या असतील तर कागद पुढे सरकवा आणि त्याला मांडून दाखवायला सांगा.